हो, नाही आणि ‘माहीत नाही’

परवा आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलाला एक काम दिलं होतं. आमचा प्रोग्रॅम एका बँकेच्या वेब सर्व्हिसला जोडायचा. मला वाटलं, पठ्ठ्या निदान दोन दिवस तरी तोंड दाखवणार नाही. तर दुपारी जेवून जागेवर येतोय तोच हा हजर!

"झालं."

"काय झालं?"

"इंटिग्रेशन. बँकेची डब्ल्यूएसडीएल फाइल टूलला दिली, कमांड मारली, सगळे क्लासेस जनरेट झाले. आता फक्त फंक्शन कॉल करायचं."

त्या ‘फक्त’ने माझ्या पोटात गोळा आला. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. २०२४ साली अगदी हेच वाक्य, याच सुरात, मी माझ्या मॅनेजरला ऐकवलं होतं. पुढे काय झालं ते सांगतोच. पण आधी ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. (आयटीवाल्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालेल. पण गाळू नका :-))

समजा तुमचा प्रोग्रॅम पुण्यातल्या एका मशीनवर चालतोय आणि त्याला दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या शहरातल्या मशीनकडून एखादं काम करून घ्यायचंय. म्हणजे नेटवर्कवरून निरोप पाठवायचा, उत्तराची वाट बघायची आणि आलेलं उत्तर उलगडून वाचायचं. हे सगळं हाताने लिहायचं तर फार किचकट. म्हणून समोरची कंपनी एक फाइल देते. आमच्याकडे कुठली कामं होतात, त्यासाठी काय माहिती द्यावी लागते, उत्तरात काय मिळेल, याचं त्यात रीतसर वर्णन असतं. हॉटेलातल्या मेनूकार्डासारखं. सोप नावाच्या पद्धतीत (अंगाला लावायचा नव्हे!) या फाइलला डब्ल्यूएसडीएल म्हणतात. ती एका टूलला खाऊ घातली की ते तुमच्या भाषेतला कोड तयार करून देतं. त्याला म्हणतात प्रॉक्सी, किंवा स्टब.

प्रॉक्सी म्हणजे प्रतिनिधी. तुम्ही त्याला म्हणायचं, ‘पगार भर’. तो निरोप बांधतो, पाठवतो, उत्तर आणून तुमच्या हातात ठेवतो. तुम्हाला वाटतं की आपण आपल्याच प्रोग्रॅममधलं एखादं फंक्शन कॉल केलं. इतकं वाटतं, की पलीकडे दुसरं कोणी आहे हे विसरायलाच होतं. माझं भांडण आहे ते या विसरण्याशी.

तर आता २०२४ ची गोष्ट.

आमचा एक क्लायंट म्हणजे सिक्युरिटी गार्ड पुरवणारी एजन्सी. त्यांच्या पगाराचं सॉफ्टवेअर आम्ही केलेलं. योगायोग असा, की आमच्या ऑफिसच्या गेटवर संध्याकाळच्या पाळीला असणारे काकासुद्धा त्याच एजन्सीचे. संगमेश्वरकडचे. रोज निघताना दोन शब्द बोलणं व्हायचं.

त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला, शनिवारी होते. कोकणात जाणाऱ्यांना सोयीचं पडावं म्हणून एजन्सीने बुधवारी संध्याकाळीच पगार करायचं ठरवलं. चांगला विचार होता. आमचा प्रोग्रॅम एकेका गार्डसाठी बँकेची सर्व्हिस कॉल करणार, अर्थातच जनरेट केलेल्या प्रॉक्सीतून. मी त्या कॉलभोवती एक लूप लिहिलं होतं. एक्सेप्शन आलं तर पुन्हा प्रयत्न कर, जास्तीत जास्त तीनदा. कोड रिव्ह्यूमध्ये या लूपचं कौतुक झालं होतं, हेही सांगून टाकतो.

त्या संध्याकाळी बँकेची सर्व्हिस मंदावली. बंद पडली नाही, नुसती मंदावली. एरवी दोन सेकंदांत येणारं उत्तर सत्तर-ऐंशी सेकंदांनी यायला लागलं. आमची प्रॉक्सी अपाची सीएक्सएफ या टूलने बनवलेली. तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत, तर ती उत्तराची ६० सेकंद वाट बघते. हे त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्यापैकी कोणी ते वाचलं नव्हतं. वाचायची गरजच वाटली नाही, कारण साधं फंक्शन कॉल करताना "हे किती वेळ थांबणार?" असा प्रश्न कोणाला पडतो?

मग काय... साठाव्या सेकंदाला प्रॉक्सी म्हणायची, एक्सेप्शन. माझं लूप म्हणायचं, बरं, पुन्हा पाठवतो. आणि तिकडे पहिली विनंती सत्तराव्या सेकंदाला व्यवस्थित पूर्ण होत होती! ३७ गार्डांना पगार एकदाच्या ऐवजी दोनदा गेला. त्यातल्या चौघांना तीनदा.

बँकेला दोष देता येणार नाही. प्रत्येक विनंतीसोबत आपला एक रेफरन्स नंबर द्यायची सोय त्यांनी ठेवली होती. तोच नंबर पुन्हा आला तर पैसे दुसऱ्यांदा जात नाहीत, असंही लिहून दिलं होतं. मी नंबर देतही होतो. फक्त तो लूपच्या आत तयार करत होतो. म्हणजे दर प्रयत्नाला नवा कोरा नंबर. बँकेच्या दृष्टीने ते तीन वेगवेगळे पगार होते.

गुरुवारी बोभाटा झाला. एजन्सीच्या सांगण्यावरून बँकेने जास्तीच्या रकमेवर होल्ड लावला. कागदावर अगदी बरोबर. पण ज्यांनी मधल्या वेळात पैसे खर्च केले होते, त्यांचा होल्ड उरलेल्या, म्हणजे हक्काच्या पगारावर जाऊन बसला. काकांनी बोनस आला असं समजून सकाळीच गावी भावाला पैसे धाडले होते. संध्याकाळी मी निघालो तर त्यांनी मोबाइल पुढे केला.

"साहेब, तुम्ही कंप्युटरवाले. खात्यात पैसे दिसतायत, पण निघत का नाहीत?"

मला उत्तर माहीत होतं. मी "बघतो काका" म्हणालो आणि गाडी काढली.

शुक्रवारी रात्री उशिरा एजन्सीने त्यांना रोख उचल दिली, तोवर कोकणच्या गाड्या भरून गेल्या होत्या. काकांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. ते पोचले रविवारी, विसर्जनाच्या दिवशी.

आमच्या बाजूने क्लायंटला जी मेल गेली तिच्यात कारण लिहिलं होतं, ‘नेटवर्क इश्यू’. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. नेटवर्क, बँक, टूल, तिघंही कागदावर लिहिलं होतं त्याप्रमाणेच वागले. चूक एकच होती आणि ती माझी होती. प्रॉक्सी एक्सेप्शन देत होती तेव्हा ती म्हणत होती, ‘माहीत नाही’. मी ऐकत होतो, ‘नाही’.

सगळा घोळ इथे आहे. आपल्याच मशीनवरच्या फंक्शनला दोनच शेवट असतात. एक तर काम झालं, नाहीतर काही तरी चुकलं. मशीनच बंद पडलं तर विचारणाराही बंद पडतो, त्यामुळे प्रश्नच मिटतो. पण दोन मशीन्स आल्या की तिसरा शेवट येतो. निरोप जातानाच हरवला असेल. किंवा काम झालं असेल आणि उत्तर येताना हरवलं असेल. किंवा काम अजून चालू असेल. अलीकडे बसलेल्याला तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, म्हणजे शांतता. जनरेट केलेल्या प्रॉक्सीत या तिसऱ्या शेवटाला स्वतःची जागाच नसते. फंक्शनला रिटर्न व्हॅल्यू असते आणि एक्सेप्शन असतं. ‘माहीत नाही’ मुकाट्याने एक्सेप्शनच्या पिशवीत कोंबलं जातं.

आता गंमत बघा. हे पूर्वी कोणाला माहीत नव्हतं, असं अजिबात नाही. अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन या दोघांनी झेरॉक्स पार्क या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत दूरच्या मशीनवरचं फंक्शन कॉल करायची यंत्रणा बांधली आणि १९८४ साली त्यावर निबंध लिहिला. स्टब आपोआप तयार करून देणारं त्यांचं टूल होतं, नाव लुपिन. आपण आज जे करतो त्याचा हा थेट पूर्वज. दूरचा कॉल शक्य तितका जवळच्या कॉलसारखा दिसावा हा त्यांचा उद्देश होता, आणि तो त्यांनी उघड सांगितला होता. पण त्याच निबंधात त्यांनी हेही स्वच्छ नोंदवलं, की कॉल परत आला तर काम नेमकं एकदा झालं असं समजा. एक्सेप्शन आलं तर काम एकदा झालेलं असेल किंवा झालेलंच नसेल, यातलं कुठलं ते आम्ही सांगणार नाही. मी हे वाचलं तेव्हा कपाळावर हात मारला. माझी बुधवारची संध्याकाळ चाळीस वर्षांपूर्वीच छापून झाली होती! त्यांचे आकडेही बघण्यासारखे आहेत. काहीही न नेणारा-आणणारा दूरचा कॉल साधारण ११०० मायक्रोसेकंद घ्यायचा, तोच एका मशीनच्या आत ९. म्हणजे शंभर पटींहून जास्त फरक, तोही एकाच प्रयोगशाळेच्या वायरवर.

पुढे १९९४ साली सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जिम वाल्डो, जेफ वायंट, ॲन वोलरॅथ आणि सॅम केंडल या चौघांनी ‘अ नोट ऑन डिस्ट्रिब्युटेड कम्प्युटिंग’ नावाचा निबंध लिहिला. त्याचा मुद्दा थोडक्यात असा, की जवळचं आणि दूरचं एकच असल्याचं सोंग आणू नका. लागणारा वेळ, मेमरी, अर्धवट बिघाड आणि एकाच वेळी चालणारी कामं, या चार बाबतींत दोन्ही मुळातच वेगळी आहेत. त्यातल्या वोलरॅथबाईंनी नंतर जावाची आरएमआय ही यंत्रणा घडवली. तिच्यात नियम होता, की दूरच्या प्रत्येक मेथडने ‘रिमोट एक्सेप्शन’ येऊ शकतं हे जाहीर करायलाच हवं. नाही केलंत तर चालणार नाही. जावाचे लोक यावर फार करवादायचे. दर ठिकाणी ते एक्सेप्शन पकडत बसायचं म्हणजे कटकटच. पण ती कटकट म्हणजे रस्त्यावरची ‘पुढे धोकादायक वळण’ ही पाटी होती. २००६ साली जॅक्स-डब्ल्यूएस आलं आणि नेटवर्कचं एक्सेप्शन रनटाइम एक्सेप्शन झालं. म्हणजे पकडलंच पाहिजे असं बंधन उरलं नाही. कोड सुटसुटीत दिसायला लागला. वळण होतं तिथेच होतं, पाटी तेवढी काढली.

डॉट नेटवाल्यांनी हसू नये. तुमच्याकडे ‘ॲड वेब रेफरन्स’वर क्लिक केलं की काम फत्ते व्हायचं, आणि त्या प्रॉक्सीची वाट बघायची मुदत न सांगता १०० सेकंद असायची. "आम्ही सोप केव्हाच सोडला, आम्ही जीआरपीसी वापरतो" असं म्हणणाऱ्यांनी तर मुळीच हसू नये. गूगलने ते २०१५ साली खुलं केलं. त्यातही फाइल द्यायची, स्टब काढायचा, फंक्शन कॉल करायचं. तुम्ही डेडलाइन दिली नाहीत तर ते आपणहून कुठलीच लावत नाही. जन्मभर वाट बघत बसू शकतं. आमचे निदान ६० सेकंद तरी होते :-)

‘माहीत नाही’ गिळून टाकायची ही सवय प्रॉक्सीत आणखी एका ठिकाणी दिसते. समजा सर्व्हिसच्या वर्णनात ‘कपात’ नावाचा आकडा ऐच्छिक आहे. शून्य कपात आणि ‘कपातीबद्दल काही सांगितलेलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. डॉट नेटची जुनी प्रॉक्सी अशा आकड्याशेजारी ‘स्पेसिफाइड’ नावाचं एक वेगळं खूणचिन्ह जनरेट करायची. तुम्ही आकडा भरला पण खूण करायला विसरलात, तर आकडा गुपचूप गाळला जायचा. एररही नाही! प्रोटोकॉल बफर्सच्या तिसऱ्या आवृत्तीत उलटं झालं. साध्या आकड्यांमध्ये शून्य आणि ‘न सांगितलेलं’ यातला फरकच काढून टाकला होता. लोकांची ओरड झाली आणि २०२१ मध्ये तो फरक करायची सोय रीतसर परत आली.

आता दुसरी बाजू. "मग काय, सगळं एक्सएमएल हाताने लिहायचं का?" असं आमचा एक सीनियर नेहमी विचारतो. नाही हो. हाताने लिहिलेलंही मी पाहिलंय. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये कोणीतरी तुकडे जोडून जोडून एक्सएमएल बनवलं होतं. ‘शहा & सन्स’ नावाचा ग्राहक आला आणि त्या मधल्या चिन्हाने सगळं आडवं झालं. जनरेट केलेला कोड अशा चुका करत नाही. फील्डचं स्पेलिंग चुकलं, प्रकार चुकला तर कंपाइलर तिथल्या तिथे कान धरतो. निरोपाचं पाकीट बांधणं हे यंत्राचंच काम आहे आणि ते यंत्र माणसापेक्षा चांगलं करतं.

पण पाकीट बांधणं वेगळं आणि व्यवहार करणं वेगळं. उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे डब्ल्यूएसडीएलमध्ये लिहिलेलं नसतं. त्यामुळे टूल ते जनरेट करू शकत नाही. ते आपण ठरवायचं असतं. हल्ली तर एआयला सांगितलं की प्रॉक्सीभोवतीचं रीट्रायचं लूपसुद्धा कॉमेंटसकट लिहून मिळतं. छान दिसतं. माझंही छानच दिसत होतं.

यासाठी कंप्युटर इंजिनिअर असायची गरज नाही, हे मला आजोबांमुळे कळतं. आजोबा दर महिन्याला गावी आत्याला मनीऑर्डर करायचे. त्या फॉर्मला खाली पोचपावतीचा तुकडा असायचा. आत्याची सही होऊन तो परत यायचा. एखाद्या महिन्यात पोच आली नाही तर आजोबा काय करायचे? दुसरी मनीऑर्डर? छे! पावती घेऊन पोस्टात जायचे आणि चौकशी करायचे. पोच न येणं म्हणजे पैसे न पोचणं नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि चौकशी करायला पावतीवरचा नंबर लागतो, म्हणून ती पावती शर्टाच्या खिशात नीट घडी करून ठेवलेली असायची.

आपणही हे रोज अनुभवतोच. यूपीआयने पैसे दिले, आपल्या खात्यातून गेले, दुकानदाराकडचा डबा काही बोलेना. स्क्रीनवर ‘पेंडिंग’. हा ‘पेंडिंग’ शब्द मला फार प्रामाणिक वाटतो. यंत्रणा सरळ कबूल करते, की मला अजून माहीत नाही. रिझर्व्ह बँकेने तर सप्टेंबर २०१९ मध्ये यावर परिपत्रकच काढलं. यूपीआयने कोणाला पैसे पाठवले, तुमच्या खात्यातून गेले पण समोरच्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर व्यवहारानंतर एका दिवसात ते आपोआप परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई. म्हणजे बघा, देशाची मध्यवर्ती बँक ‘माहीत नाही’साठी नियम करते, दिवस मोजते, दंड ठरवते, आणि आम्ही इंजिनिअर लोक तेच एका कॅच ब्लॉकमध्ये गुंडाळून तीनदा फिरवतो.

त्या गणपतीनंतर मी माझ्यापुरते काही नियम केले. जनरेट केलेली प्रॉक्सी एका कोपऱ्यात बंद ठेवायची. बाकीच्या प्रोग्रॅमने तिला थेट हात लावायचा नाही. मधे आपण हाताने लिहिलेला एक पातळसा थर, आणि त्याची उत्तरं तीन: झालं, नाही झालं, माहीत नाही. तिसऱ्या उत्तराचं काय करायचं ते लिहिल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये अशी रचना. रेफरन्स नंबर कॉलच्या आधी तयार करायचा, आपल्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवायचा, मगच निरोप पाठवायचा. आणि कितीही वेळा पाठवला तरी नंबर तोच. वाट किती बघायची तो आकडा समोरच्यांना विचारून आपण ठरवायचा, टूलवर सोडायचा नाही. उत्तर आलं नाही तर आधी चौकशीचा कॉल, मग पुन्हा पाठवायचा विचार. नुसती शिल्लक विचारायची असेल तर दहादा विचारा, कोणाचं काही जात नाही. पैसे हलवणारा कॉल वेगळा. प्रॉक्सीला दोन्ही सारखेच दिसतात. आपल्याला तसे दिसून चालणार नाही.

याने कोड वाढतो का? वाढतो. डेमोला दोन दिवस उशीर होतो का? होतो. ‘एका क्लिकमध्ये इंटिग्रेशन’ म्हणणाऱ्या मॅनेजरला हे समजावताना घाम फुटतो. पण ते दोन दिवस कोणाला तरी मोजावेच लागतात. आम्ही नाही मोजले, तर गेटवरचे काका मोजतात.

असो. तर त्या नव्या मुलाला मी एकच प्रश्न विचारला. "उत्तर आलंच नाही तर काय करशील?"

तो लगेच म्हणाला, "पुन्हा पाठवीन."

मी त्याला चहाला घेऊन गेलो आणि ही सगळी गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या काकांना तुम्ही सांगितलंत का, की ते तुमच्या कोडमुळे झालं?"

काकांची पुढच्याच महिन्यात दुसऱ्या साइटवर बदली झाली. मी अजून सांगितलेलं नाही.